पाव फेरी सैल

“ताई, ते झाकण राहू द्या तसंच. तेजल मॅडमनी सांगितलंय.”

आमच्याकडे संशोधन करणारी निखत हे म्हणाली तेव्हा माझी बोटं झाकणावरच होती. गुरुवार, संध्याकाळचे साडेपाच. नाशिकचा एप्रिल. ऊन खिडकीतून तिरपं येऊन टेबलांवर पडलेलं. आमच्या संस्थेच्या रसायन विभागात चार प्रयोगशाळा होत्या, आणि गेली अठरा वर्षं त्या चारींमधून राउंड मारल्याशिवाय मी घरी गेले नव्हते. गॅस बंद, नळ बंद, झाकणं घट्ट. मगच पर्स खांद्याला.

“काय सांगितलंय त्यांनी?”

“टाकाऊ ॲसिडच्या बाटलीचं झाकण पाव फेरी सैल ठेवायचं. घट्ट नाही करायचं.”

“ते का म्हणे?”

निखतने ॲप्रन खुंटीला लावला आणि घड्याळाकडे पाहिलं. पावणेसहाची बस चुकली की तिला तासभर थांबावं लागे. “सोमवारी समजावलं होतं ना सगळ्यांना, जेवणानंतर. तुम्ही नव्हता?”

“नव्हते.”

“उद्या सांगते मी नीट. पण राहू द्या हां, ताई.”

ती गेली. मी तिथेच उभी राहिले. बाटली हूडमध्ये होती. हूड म्हणजे पुढे काचेचा सरकता पडदा असलेलं मोठं कपाट, आतली हवा पंख्याने बाहेर फेकणारं. अंगावर येणाऱ्या गोष्टी तिथे ठेवायच्या. अडीच लिटरची तपकिरी काचेची बाटली, तिच्यावर निखतच्या मुंगीसारख्या अक्षरात ‘नायट्रिक ॲसिड, टाकाऊ’. संशोधन करणारी मुलं काचेची भांडी ॲसिडने धुवायची आणि ते धुवण या बाटल्यांत ओतायची.

सोमवारी जेवणानंतर मी कुठे होते हे मला चांगलं आठवत होतं. शेजारच्या खोलीत हातमोज्यांची नवी खोकी कपाटात लावत होते. बोलावलं असतं तर वीस पावलं.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी बारावी नापास, आणि नापास झाले ते नेमकं रसायनशास्त्रात. संस्थेत लागले ती बाटल्या धुवायला. पहिल्याच वर्षी आमचे जुने शिपाई सखारामभाऊ एक बाटली उचलायला गेले. झाकण कोणीतरी नुसतंच वर ठेवलेलं. ॲसिड त्यांच्या पावलावर सांडलं. ते पाऊल मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी एक इंग्रजी-मराठी शब्दकोश विकत आणला आणि बाटल्यांवरची लेबलं वाचायला बसले. कशावर पाणी चालतं, कशावर चालत नाही, कोणाला कोणाशेजारी ठेवायचं नाही. दोनशे पानी वह्या भरत गेले. कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारतही नव्हतं. मग हळूहळू मुलं विचारायला लागली, मग त्यांचे मार्गदर्शक, मग खुद्द संचालक हर्डीकर सर. “ताईंना विचारा” हे वाक्य त्या इमारतीत दिवसातून दहादा तरी ऐकू यायचं. माझा मंत्र एकच, झाकण घट्ट. मुलं म्हणायची, ताईंच्या लग्नात मंगलाष्टकं झालीच नाहीत, भटजी नुसते ‘झाकण घट्ट’ म्हणाले आणि अक्षता पडल्या.

त्या वर्षी संस्थेला मानांकन हवं होतं, आणि मानांकन देणाऱ्या समितीला कागदावर सुरक्षा सल्लागार हवा होता. जाहिरात निघाली. विज्ञानाची पदवी, वर सुरक्षेची पदविका. हर्डीकर सरांनी मला बोलावून सांगितलं, “कुंदाताई, खऱ्या सल्लागार तुम्हीच. पण कागद लागतो हो.”

“लागतोच ना, सर,” मी म्हटलं आणि बाहेर येऊन दहा मिनिटं एकच परीक्षानळी घासत राहिले.

तेजल वाघचौरे आली. सत्तावीस वर्षांची, जळगावकडची. पहिल्या दिवशी मला म्हणाली, “मावशी, सांडलेलं ॲसिड शोषायची पावडर कुठे असते?” आमच्याकडे मावशी म्हणतात ते फरशी पुसायला येणाऱ्या बाईंना. मी स्वतः बाटल्या धुवायला लागलेली, पण राग यायचा तो आलाच. निखतने तिला बाजूला घेऊन काही सांगितलं असणार, कारण दुपारपर्यंत ती मला कुंदाताई म्हणायला लागली. इतक्या लवकर शिकली, तेही मला आवडलं नाही.

मुलांनी सुरक्षेचे चष्मे डोळ्यांवर घालावेत म्हणून मी वर्षानुवर्षं घसा कोरडा केला होता. माझी चाहूल लागली की चष्मे कपाळावरून खाली यायचे, मी वळले की परत कपाळावर. तेजल दारात येऊन नुसती उभी राहायची, काही न बोलता. चष्मे डोळ्यांवर, आणि ती गेल्यावरही डोळ्यांवरच. तिसऱ्या आठवड्यात निखत, जी दोन वर्षं माझ्या डब्यातली लसणाची चटणी खात आली होती, तेजलच्या टेबलावर जेवायला बसली. बोट भाजलं की पोरं माझ्याकडे धावत यायची, ती तिच्याकडे धावायला लागली. दोष काढावा असं तिच्यात काही सापडेना. सगळ्यात जास्त त्रास त्याचाच व्हायचा.

आणि आता ही सैल झाकणं. सापडला एकदाचा दोष.

समिती दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, येणार होती. तेजलची नेमणूक तेव्हा कच्ची होती. समितीचा शेरा बघून सर ती पक्की करणार की नाही ते ठरवणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मी उभ्या उभ्या सगळं मनात रंगवलं. समितीसमोर सर सवयीने माझ्याकडे वळतील, आणि मी म्हणेन, “काल अकरा बाटल्यांची झाकणं सैल सापडली, सर. मी लावून घेतली.” आवाज कसा ठेवायचा तेही ठरवलं. साधा. तक्रारीचा सूर अजिबात नको.

तेजलला फोन करून विचारता आलं असतं. नंबर होता माझ्याकडे. पण विचारायचं म्हणजे मला माहीत नाही हे तिला सांगणं आलं.

चारही प्रयोगशाळा फिरले. अकरा बाटल्या. एकेक झाकण आवळलं. निखतच्या बाटलीचं जरा जास्तच.

शुक्रवारी सकाळी नऊला मी पोचले तेव्हा निखत हूडसमोर उभी होती. काच वर सरकवलेली, तोंड आत.

“मॅडम, बाटलीत धूर दिसतोय,” ती मागे न वळता म्हणाली. “विटकरी रंगाचा.”

तेजल खोलीच्या दुसऱ्या टोकाला समितीसाठी फायली लावत होती. तिने फाइल खाली ठेवली नाही, टाकली. चार ढांगांत आली, एका हाताने निखतला ॲप्रनच्या पट्ट्याला धरून मागे ओढलं आणि दुसऱ्या हाताने काच खाली खेचली. काच पुरती टेकायला चार बोटं उरली होती, तेवढ्यात बाटली फुटली.

आवाज फार मोठा नव्हता. स्वयंपाकघरात कुकरचं झाकण पडावं एवढाच. काचेचा पडदा आतून तडकला, पण तुटला नाही. त्या चार बोटांच्या फटीतून ॲसिड आलं आणि तेजलच्या उजव्या मनगटावर उडालं.

“नळ!” ती म्हणाली. ओरडली नाही.

पुढचं माझ्या हातांनी केलं, डोकं कुठे होतं ठाऊक नाही. तिला सिंकपाशी नेलं, घड्याळ काढलं, बाही कोपरापर्यंत कात्रीने कापली आणि मनगट वाहत्या पाण्याखाली धरलं. पंधरा मिनिटं धरायचं असतं. जळजळ थांबली म्हणून कोणी आधी काढायला गेलं तर काढू द्यायचं नसतं.

“हलू नकोस,” मी म्हटलं. तोवर मी तिला कधी अगं-तुगं केलं नव्हतं.

पंधरा मिनिटं फार मोठी असतात. जिच्याकडे तीन आठवडे मी सरळ बघितलं नव्हतं तिचा हात धरून उभी होते. मनगटावर हळदीसारखे पिवळे डाग उमटत होते. नायट्रिकने कातडी पिवळी होते हे माझ्या वहीत लिहिलेलं होतं. प्रत्यक्ष बघत होते पहिल्यांदा.

“मी सैल केलं होतं ते,” ती पुटपुटली. “काल चारला. स्वतः केलं होतं… की निखतचीच राहिली?”

मी पाण्याकडे बघत राहिले.

“सैल केल्याने काय होतं?” मी विचारलं.

“भांड्यात ॲसिटोनचा, अल्कोहोलचा अंश राहतो ना. तो नायट्रिकमध्ये गेला की आत गॅस होत राहतो. लगेच नाही. हळूहळू, रात्रभरसुद्धा. त्याला वाट पाहिजे. वाट नसली की…” तिने हूडकडे हनुवटी केली. “बाकीच्यांची पण पाव फेरी सैल करायला सांगा कोणाला तरी. आधी काच खाली ओढून, फटीतून हात घालून. आत्ता लगेच, ताई.”

दहा झाकणं. प्रत्येकासमोर दिवसभर कोणी ना कोणी उभं राहणार होतं. मी निखतला जायला सांगितलं. ती टॉवेल घेऊन आमच्यामागे उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं होतं. आदल्या संध्याकाळी त्या झाकणावर कोणाची बोटं होती हे तिच्याशिवाय कोणी पाहिलं नव्हतं. तिने टॉवेल माझ्या खांद्यावर ठेवला आणि ती गेली. दोन वर्षं चटणी खाल्लेली पोर. तिचं ते गप्प राहणं मला झोंबलं.

हर्डीकर सर धावत आले. “अहो, दोन तासांत समिती येतेय! काल शेवटचं कोणी बघितलं इथे? ताई, तुमचा राउंड असतो ना?”

“असतो,” मी म्हटलं.

“मग?”

माझ्या तोंडात ‘झाकणं मी आवळली’ हे वाक्य तयार होतं. खरंच होतं. पण तेजल आधी बोलली.

“टाकाऊ ॲसिडच्या बाटल्या आता माझ्याकडे आहेत, सर. ताईंचा त्यात संबंध नाही. माझ्याकडून राहिलं.”

सरांनी मान हलवली, मोठा उसासा टाकला. “अठरा वर्षं ताई बघत होत्या. एकदा असं झालं नाही. एकदा!”

महिनाभर मला जे ऐकायचं होतं ते हेच. जसंच्या तसं, सगळ्यांसमोर, तिच्यासमोर. माझ्या हातातला तिचा हात किंचित आखडला. मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हटलं, “अजून सहा मिनिटं.”

तेवढंच म्हटलं.

दवाखान्यातून ती दुपारी दोनला परत आली. मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी. समिती इमारतीत फिरत होती आणि समितीने चारपर्यंत अपघाताचा लेखी अहवाल मागितला होता. तेजल माझ्या टेबलापाशी येऊन बसली.

“लिहायला हात नाही माझा. तुम्ही लिहाल? मी सांगते.”

फॉर्म तिनेच संस्थेत आणलेला होता. त्यात कारणाच्या जागी पाच ओळी, आणि प्रत्येक ओळीआधी एकच शब्द छापलेला, ‘का?’ पहिल्या उत्तराला पुन्हा का विचारायचं, त्याच्या उत्तराला पुन्हा. पाचव्यापर्यंत गेलं की खरं कारण हाताला लागतं, अशी पद्धत. आमची मुलं त्या फॉर्मला ‘तीन वर्षांचं पोर’ म्हणायची.

“बाटली का फुटली? लिहा, आत वायूचा दाब वाढला.”

लिहिलं.

“का वाढला? झाकण घट्ट होतं, वायूला वाट नव्हती.”

लिहिलं.

“झाकण का घट्ट होतं? लिहा…” ती थांबली. तिचा ओठ जरा हलला. “सुरक्षा सल्लागाराने दिवसाअखेर तपासलं नाही.”

मी लिहायला लागले. ती खिडकीबाहेर बघत होती. बराच वेळ पेनाचा आवाज येत राहिला तेव्हा तिने मान वळवली.

“एवढं काय लिहिताय? वाचा.”

मी वाचलं. “गुरुवारी संध्याकाळी साडेपाच वाजता कुंदा गायधनी यांनी अकराही बाटल्यांची झाकणं घट्ट केली.”

ती खुर्चीत माझ्याकडे वळली.

“तुम्हाला निखतने सांगितलं नव्हतं, सैल ठेवायचं म्हणून?”

“सांगितलं होतं.”

“मग का?”

“तेच लिहितेय. चौथी ओळ.” मी लिहिलं आणि वाचून दाखवलं. “कारण सैल ठेवायला तेजल वाघचौरे यांनी सांगितलं होतं.”

ती उठली. खुर्ची मागच्या कपाटावर आदळली.

“निखतचं तोंड आत होतं, ताई! बाटलीसमोर! मी शौचालयात असते, फोनवर असते, तर? तिचे डोळे…” तिचा आवाज फाटला. “माझी नोकरी गेली असती ते एक वेळ जाऊ दे. तुम्हाला कळतंय का?”

“कळतंय.”

“कळतंय म्हणू नका! सकाळी मी सरांसमोर माझ्या अंगावर घेतलं तेव्हा तुम्ही माझा हात धरून उभ्या होतात. अजून सहा मिनिटं म्हणालात!”

मी पेनाचं टोपण लावलं, काढलं.

ती खिडकीपाशी गेली. मागच्या आवारात समितीची मंडळी अग्निशमनाची लाल नळकांडी मोजत होती. ती माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, “पाचवी ओळ राहिली.”

“माझ्या मनात काय होतं ते लिहिते. दुसरं काही नाही तिथे.”

“नाही. लिहा. झाकण सैल का ठेवायचं हे समजावताना कुंदा गायधनी यांना बोलावलं नाही.”

“ते राहून गेलं असेल. तुम्ही विसरलात.”

“विसरले नव्हते.” आता ती वळली. “तुम्ही शेजारच्या खोलीत होतात. दिसत होतात मला, खोकी लावताना. ताई, मी काहीही सांगितलं ना या मुलांना, की ती ऐकतात आणि मग हळूच तुमच्याकडे बघतात. खरं आहे का, असं. तुम्ही मान हलवली तरच खरं. आल्यापासून बघतेय. कॉलेजात तीन वर्षं, पदविकेची दोन, आणि मी काही बोलले की तुमची मान! एक तासभर मला ते नको होतं. म्हणून नाही बोलावलं.”

मुलं माझ्याकडे बघत होती? मला एकदाही दिसलं नव्हतं. मी त्यांचे चष्मेच बघत बसले होते.

“लिहू असं?” मी विचारलं.

“लिहा. माझं नाव घालून.”

लिहिलं. खाली दोघींच्या सह्या. तिची डाव्या हाताची, पहिलीतल्या मुलासारखी.

हर्डीकर सरांनी फॉर्म दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. “ताई, हे समितीला द्यायचं? मी म्हणतो, खालच्या तीन ओळी नवीन कागदावर जरा… वेगळ्या लिहू. तुमच्या नावाला…”

“ज्या नावाने केलं त्याच नावाने राहू द्या, सर,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अठरा वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं, आणि त्यानंतर ते निवृत्त होईपर्यंत आधीसारखंही कधी पाहिलं नाही. फॉर्म समितीकडे गेला. मानांकन मिळालं, तीन महिने उशिरा. तेजलची नेमणूक पक्की झाली. मला लेखी समज मिळाली आणि माझा राउंड काढून घेतला. समज फाइलला लागली आणि मी ती विसरले. राउंड मात्र मनाला लागला. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, साडेपाचला पर्स खांद्याला अडकवून मी पाच मिनिटं नुसती दारात उभी होते.

सोमवारी साडेपाचला तेजल माझ्या टेबलापाशी आली.

“चला.”

“मला राउंडवरून काढलंय.”

“राउंड मीच घेतेय. मला फक्त एक चालणारा उजवा हात हवाय.”

तिच्या बोलण्यात गोडवा नव्हता. शुक्रवारचं सगळं तसंच होतं तिच्या चेहऱ्यावर. मी उठले. ती पुढे, मी मागे. प्रत्येक हूडपाशी ती थांबायची, काच किती खाली हवी ते सांगायची, मी खालून हात घालून झाकण तपासायची. ती बोलायची कमी. चौथ्या बाटलीला मी विचारलं, “फक्त नायट्रिकचीच सैल? की सगळ्या टाकाऊ बाटल्यांची?” ती थांबली, आणि सांगायला लागली. एकेक, नीट, न रागावता. मी म्हटलं, सावकाश, मला वहीत लिहायचंय. तिने माझी वही धरली, डाव्या हाताने, मी लिहीपर्यंत.

दहा बाटल्या झाल्या. अकरावी होती निखतच्या हूडमध्ये. नवी काच, नवी बाटली, तेच मुंगीचं अक्षर. आम्ही तिच्यासमोर आलो आणि पलीकडून निखतची हाक आली.

“तेजल मॅडम, जरा येता? हे वजन बरोबर येत नाहीये.”

वजनकाटा. त्या पोरीला वजनकाटा लावायला मी शिकवला होता. टेबलावर हात न टेकवता, श्वास धरून कसं वाचायचं ते. मी तिथेच उभी होते, तिच्या डोळ्यांसमोर, आणि हाक तेजल मॅडमना.

“आले,” तेजल म्हणाली. जाता जाता बाटलीकडे बोट केलं. “ही बघता तेवढी?”

आणि ती गेली. मागे वळून बघितलं नाही.

मी आणि बाटली. पलीकडे दोघी काट्यावर वाकलेल्या, निखत काहीतरी म्हणाली आणि तेजल हसली. महिन्याभरात पहिल्यांदा तिचं हसू ऐकलं, आणि माझी तीच जुनी असूया जागी झाली, शुक्रवारी गेली असं वाटलं होतं ती. काही गेली नव्हती. चांगली धडधाकट होती.

मी काच चार बोटं वर ठेवली, आत हात घातला. झाकण कोणीतरी घट्ट लावून ठेवलं होतं. निखतच असणार, सवयीने. मीच लावलेली सवय ती.

पाव फेरी सैल केलं. मग पुन्हा हात घालून बघितलं, सैलच आहे ना.